आठवड्याचं इंजेक्शन आणि अक्का

आमच्या फ्रिजच्या दारात अंडी ठेवायचे खळगे आहेत. आमच्यात अंडं येत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं तिथं लिंबं आणि सुकलेल्या आल्याचे तुकडे पडलेले असायचे. हल्ली तिथं माझं इंजेक्शन असतं. दिसायला जाडसर पेनासारखं. टोपण काढायचं, सुई बसवायची, पोटाच्या कातडीला टेकवायचं आणि दाबायचं. गणिताच्या बाईच्या हातात पेन शोभतंच, असं पहिल्यांदा घेताना मी स्वतःशी म्हणाले होते. तेव्हा मला थट्टा सुचत होती.

शुक्रवार पेठेत एका कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही दोघी राहतो. मी आणि माझी आई. आईला आम्ही अव्वा म्हणतो. आमच्या घरात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी चालतं, आणि भांडण दोन्हींत. मी लग्न केलं नाही की झालं नाही, हे विचारून विचारून लोक दमले आणि गप्प बसले. माझ्या जाडीचंही तसंच. लहानपणी मी गुटगुटीत होते, मग अंगानं बरी, मग भरलेली, आणि चाळिशीनंतर लोकांनी शब्द शोधणंच सोडून दिलं. अव्वा मात्र मला पहिल्यापासून पुट्टी म्हणते. पुट्टी म्हणजे चिमुकली. भर रस्त्यात ती मला या नावानं हाक मारायची आणि लोक वळून चिमुकली कुठं आहे ते बघायचे.

इंजेक्शनची पाळी आली ती गुडघ्यांमुळं. साखर आधीच वाढलेली होती, पण साखर दिसत नाही, म्हणून तिच्याकडं दुर्लक्ष करता येत होतं. एके दिवशी सकाळी अव्वा न्हाणीघरात स्टुलावरून घसरली. तिला उचलायला मी वाकले, आणि मलाच उठता येईना. ओल्या फरशीवर आम्ही दोघी मायलेकी समोरासमोर बसून राहिलो, खालच्या दुकानातली माणसं वर येईपर्यंत. अव्वाला त्यात गंमत वाटत होती, मला भीती. मला उठता आलं नाही तर हिला कोण उठवणार, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढं होता. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन कमी करा, मग गुडघ्याचं बघू. त्यांनीच मला साखरेच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं.

या बाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी टेबलावर तीन रिकामी पेनं मांडली आणि शांतपणे समजावलं. एक रोज घ्यायचं. जुनं आहे, माहितीतलं आहे, पण रोज टोचून घ्यायचं आणि वजन जरा बेतानं उतरतं. दुसरं आठवड्यातून एकदा. तिसरंही आठवड्याचंच, पण ते एकाऐवजी दोन हार्मोनांची कामं करतं, त्यामुळं साधारणपणे वजन जास्त उतरतं. मात्र माणसागणिक फरक पडतो. तिन्हींत सुरुवात थोड्या डोसनं करायची, हळूहळू वाढवायची. तिन्हींत मळमळ होऊ शकते, पोट साफ होत नाही, उलट्या होऊ शकतात. चरबीबरोबर अंगातलं बळही झिजतं, म्हणून डाळी, उसळी, दही सोडायचं नाही. आणि थांबवलं की भूक परत येते. त्यांची औषधी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी त्यांना रोजचं, आठवड्याचं आणि दुहेरी अशी नावं दिली. वर्गात मुलींना मी असंच शिकवते.

मग त्यांनी घरातल्या दुखण्यांची चौकशी केली. थायरॉइडचा कॅन्सर कुणाला होता का, स्वादुपिंडाला सूज आली होती का, पोटाच्या आजारानं कुणी गेलं का.

"माझी मोठी बहीण," मी म्हणाले. "पण नेमकं काय झालं होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिला अन्नच जात नव्हतं."

बाईंनी माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. तपासण्यांत काही निघालं नाही. मी आठवड्याचं घेतलं.

आमच्या शाळेत हिंदीच्या एक बाई बार्शीहून रोज एसटीनं येतात. त्याही त्याच सुमारास दुसऱ्या डॉक्टरांकडून दुहेरी घेऊ लागल्या होत्या. मधल्या सुट्टीत आमची तुलना चालायची. पूर्वी आम्ही साड्यांची करत होतो.

"तुमचं आठवड्याचं बरं हाय बाई," त्या म्हणायच्या. "माझं लई जोरात उतरतंय, पण वैरागपर्यंत पोचेस्तवर पोटात असं ढवळतंय की खिडकी सोडवत न्हाय. कंडक्टर आता मला बघूनच पुढची सीट देतोय."

"मला ढवळत नाही. मला फक्त काहीच वाटत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे डबा उघडते आणि बंद करते."

त्या हसल्या. मीही हसले. पण ते खरं होतं. जन्मभर भूक माझ्या सोबतीला होती. शाळेची घंटा, भाजीबाजार, शेंगाचटणी कुटल्याचा वास, सगळ्याला ती आधी उठून उभी राहायची. इंजेक्शन सुरू झालं आणि ती कुठंतरी निघून गेली. घरात कुणीतरी कायम बोलत असावं आणि एकदम गप्प व्हावं, तसं वाटायचं. अव्वा विचारायची, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का. आणि मी म्हणायचे, "नंतर खाते, अव्वा."

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात, हे वाक्य बोलताना मला माझाच आवाज परका वाटला. हे वाक्य माझं नव्हतं. ते अक्काचं होतं.

अक्का, माझी मोठी बहीण, एकोणीस वर्षांची होऊन गेली. मी तेव्हा नऊची. तिच्या शेवटच्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. अव्वा दूधभाताची वाटी घेऊन तिच्या उशाशी बसलेली असायची, अक्का भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "नंतर खाते, अव्वा," आणि तो भात मग मला मिळायचा. गोड लागायचा. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच मातीत ठेवतात. घरातून अक्काला नेलं ते बसवूनच. कपाळाला भस्म, गळ्यात फुलं, मान किंचित कललेली. बायकामुलींना पुढं जाऊ दिलं नाही, पण ती बसून गेली एवढं मी पाहिलं. त्यामुळं कित्येक वर्षं मला अक्का मेली असं वाटतच नसे, ती बसली आहे असं वाटे. पाऊस लागला की मनात यायचं, भिजत असेल.

तिचा एकच फोटो आहे, अव्वाच्या पलंगासमोरच्या भिंतीवर. गालफडं बसलेली, डोळे मोठे, हनुवटी टोकदार. मी आणि ती बहिणी आहोत हे कुणाला सांगून पटलं नसतं. माझ्या चेहऱ्यात हाड म्हणून कुठं दिसतच नव्हतं. आता ते दिसू लागलं. आधी हनुवटी वर आली, मग गाल आत गेले. एकदा फोटोवरची धूळ पुसताना काचेत माझं तोंड उमटलं आणि ते फोटोतल्या तोंडावर इतकं नेमकं बसलं की फडकं माझ्या हातातून गळलं. मी घाबरट नाही. पेठेतले रिक्षावाले मला वचकून असतात. पण त्या दिवसापासून मी आरशासमोर उभी राहून वेणी घालणं सोडलं.

शाळेत कौतुक चाललं होतं. गुडघे खरंच हलके झाले, जिना मी न थांबता चढू लागले, साखर आटोक्यात आली. अव्वाला मी स्टुलावरून अलगद उचलत होते. यासाठीच तर सगळं केलं होतं. आणि एके दिवशी दुपारी शाळेतून आले, चपला काढल्या, तर अव्वा पलंगावरून माझ्याकडं टक लावून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"यावाग बंदी?" ती म्हणाली. कधी आलीस?

"आत्ताच, शाळेतनं."

"बस, अक्का. बस हितं."

अव्वा बऱ्याच गोष्टी विसरत होती. वार, सण, गॅस, माझे वडील गेलेत हे सुद्धा. मला मात्र विसरली नव्हती. तिची नजर मंदावली तेव्हापासून ती माझा दंड चाचपून मला ओळखायची, मूठभर मांस हातात आलं की म्हणायची, "हां, पुट्टी हाय." त्या दिवशी तिनं माझा दंड धरला, तिची बोटं जवळजवळ भेटली, आणि ती आणखीच हसली. मी म्हणत राहिले, "अगं, मी पुट्टी." तिनं ऐकलं नाही. माझे पाय मांडीवर ओढून घेतले आणि गुडघे चोळू लागली.

"इतकी वर्सं मांडी घालून बसलीयस," ती म्हणाली, "पाय अवघडले असतील की गं."

गुडघे हलके झाले होते तरी दिवसभर वर्गात उभं राहून त्या दिवशी खरंच दुखत होते. तिचा हात नेमका दुखऱ्या जागी फिरत होता. मला सुखही वाटलं आणि अंगावर काटाही आला. मी पाय काढून घेतले नाहीत.

पहिले काही दिवस मी ते चालवून घेतलं. म्हातारपणी माणसाला गेलेली लेक परत मिळाली तर मिळू दे, आपलं काय जातंय, असं मी शाळेत त्या बार्शीच्या बाईंना म्हणालेसुद्धा. काय जातंय ते नंतर कळलं. अव्वा मला शोधू लागली.

"पुट्टी आली न्हाय अजून?" ती मलाच विचारायची. दुपारी, संध्याकाळी, मी तिला पाणी देत असताना. आमच्या घरात बाहेर गेलेल्या माणसाचं ताट आधी वाढून झाकून ठेवायची पद्धत आहे. तो आल्याशिवाय ते उघडायचं नाही. अव्वानं माझं ताट झाकायला लावलं. भाकरी, पिठलं, शेंगाचटणी, वर उपडी थाळी. मीच वाढायचे, मीच झाकायचे. संध्याकाळी ते तसंच पाहून ती रडकुंडीला यायची. मी ते तिच्यासमोर खाल्लं तर म्हणायची, "ते तिचं हाय. तू का खातीस?"

मी जुने ढगळ झंपर काढून घातले. खांद्यावरून ओघळत होते, तरी घातले. अव्वानं हात फिरवून पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. "तिचं झंपर का घातलंस, अक्का? ती काय घालंल मग?"

मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडं गेले. रिपोर्ट बघून त्या खूश झाल्या. मी विचारलं, हे बंद केलं तर? त्या म्हणाल्या, बंद करता येईल, पण भूक परत येईल, वजनही बरंचसं परत यायची शक्यता आहे, आणि साखर आणि गुडघे पुन्हा त्रास देतील. दुसरा मार्ग म्हणजे आहे त्या डोसवर थांबायचं, वाढवायचं नाही. दुहेरीकडं जायची तर तुम्हाला गरजच नाही.

"वजन परत आलं तर आधी तोंडावर येतं का?" मी विचारलं.

त्या हसल्या. "सगळ्यांची हीच तक्रार असते, बाई. तोंड ओढल्यासारखं दिसतं. होईल सवय."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. काय सांगणार होते? की माझ्या तोंडावर माझी बहीण आली आहे, तिला घालवायचं औषध द्या? मी डोस होता तसाच ठेवला. थांबवलं तर अव्वा मला पुन्हा ओळखेल, पण मला तिला उचलता येणार नाही. चालू ठेवलं तर उचलता येईल, पण कुणाला उचलते आहे हे तिला कळणार नाही. गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, पण हे मला अजून सुटलेलं नाही.

मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सुट्टी होती. गावात गड्ड्याच्या जत्रेची धामधूम सुरू झालेली, खालच्या रस्त्यावरून पांढऱ्या बाराबंदीतली माणसं चालली होती. मी तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. वांगं, गाजर, पावटा, हरभरा सगळं एकत्र घालून भोगीची भाजी करतात, तिला आमच्याकडं खेंगट म्हणतात, तेही केलं. अव्वाला भरवलं. ती चवीनं जेवली. पुट्टीचं ताट मी न सांगता वाढलं आणि झाकलं. मला स्वतःला त्या वाटणाच्या वासानं मळमळत होतं, कारण सुई आदल्याच दिवशी घेतली होती.

"बस," अव्वा म्हणाली. आवाज वेगळा होता. पूर्वी वडिलांच्या दुकानात बसायची तेव्हाचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा जुना, घट्ट आवाज. मी पलंगाच्या कडेला बसले.

"तिला कुटं ठेवलंस?"

"कुणाला?"

"मी काय येडी हाय व्हय? तू आल्यापासनं पुट्टी दिसंना. तू आलीस आन् ती गेली." तिनं माझं मनगट धरलं. "तिला न्यायलाच आलतीस न्हवं?"

मी झाकलेल्या ताटाकडं बघितलं.

"तू गेल्यावर मी तिला भरवलं," अव्वा सांगू लागली. "नको म्हणली तरी भरवलं. झोपल्यावर उठवून भरवलं. लोकं हसायची, म्हणायची, काय गं, किती जाड केलीस पोरीला, हिला कोण करून घेईल. म्हणलं हसू द्या. तू कशी हलकी हलकी होऊन गेलीस, मला धरताच आलं न्हाय. जड माणसाला असं उचलून न्हेता येत न्हाय. म्हणून केली तिला जड."

मला आयुष्यभर वाटत आलं होतं की माझी जीभच वाईट, मला भूक सोसत नाही, मला आवरत नाही. डॉक्टरांनी, मैत्रिणींनी, बघायला आलेल्या पाहुण्यांनी, सगळ्यांनी मला तेच सांगितलं होतं. माझ्या अंगावरचा एकेक घास अव्वानं भीतीपोटी घातला होता, हे मला त्या दिवशी कळलं. आणि तो मी महिन्यामहिन्यानं, सुई टोचून, उतरवून टाकला होता. मला हुंदका आला. अव्वाला वाटलं, अक्का रडतेय.

"रडू नगं," ती म्हणाली. "तुझ्यावर माझा राग न्हाय. पर तिला ठेव. पायजे तर मला ने. मी आता हलकीच हाय."

"मी कुणालाच नेत न्हाय, अव्वा," मी म्हणाले. तिच्याच बोलीत, आणि अक्का म्हणून. दुसरं काही म्हणणं मला जमलं नाही.

"शप्पत?"

"शप्पत."

तिनं माझं मनगट सोडलं. बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं, फोटोकडं बघितलं नाही. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कपाळावर मोडली.

"मग जा तू, माय. तू हितं हाईस तवर ती यायची न्हाय. भेते ती."

मी उठले. घर माझं, पगार माझा, चूल मी पेटवलेली, आणि आई मला माझ्याचसाठी घराबाहेर काढत होती. दुसरं कुणी असतं तर मी भांडले असते. मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्यात येऊन उभी राहिले. खालच्या दुकानात कुणीतरी कापड फाडलं त्याचा आवाज आला. भिंतीला टेकून मी तोंडावर पदर धरून रडले.

आत अव्वा हाका मारू लागली. "पुट्टी! ए पुट्टी! गेली ती. ये आता, भिऊ नगं."

मी डोळे पुसले. "आले, अव्वा," मी बंद दाराआडून म्हणाले.

आतल्या हाका थांबल्या. मग ती हसली. माझा आवाज तिनं ओळखला होता. किती दिवसांनी.

"कुटं हुतीस गं इतके दिस?"

"शाळेत."

"जेवली न्हाईस न्हवं? ताट झाकून ठेवलंय. भूक लागली?"

"व्हय," मी म्हणाले. "लई लागलीय, अव्वा."

"मग ये की आत."

मी कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले.